मानवणं आणि सोसणं

"तांबी सोसली नाही." "गोळ्या मानवल्या नाहीत." घरातल्या बायका दुपारी निवडण-टिपण करताना आवाज खाली करून जे बोलतात, त्यात ही दोन वाक्यं हमखास असतात. एकाच गोष्टीसाठी आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत याची मला बरेच दिवस गंमत वाटत आली आहे. मानवणं म्हणजे प्रकृतीला जुळणं, जसं एखाद्याला पुण्याचं पाणी मानवतं आणि कोकणातलं मानवत नाही. सोसणं म्हणजे त्रास होतोय हे माहीत असून तो काढणं. संततिनियमनाच्या साधनांबद्दल बोलताना बायका दोन्ही शब्द वापरतात, पण दुसरा जास्त.

डॉक्टरांच्या पुस्तकात सरळ लिहिलेलं असतं की ज्याने त्याने आपली प्रकृती, वय, मुलं हवीत की नकोत आणि कधी हवीत, हे बघून साधन निवडावं. वाक्य इतकं शहाणपणाचं आहे की त्यावर कुणी वाद घालणार नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडे हा प्रश्न, "बाई, तुला यातलं काय मानवेल?", कुणी कुणाला कधी विचारला? गेल्या शंभर वर्षांचा माग काढला तर फार मजेशीर आणि थोडं चीड आणणारं चित्र दिसतं. (नात्यातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. काकांना अवघड वाटत असेल तर त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. काकूंनी थांबू नये.)

सुरुवात अर्थातच र. धों. कर्व्यांपासून. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. म्हणजे या एका बाबतीत तरी आपण 'पन्नास वर्षं मागे' वगैरे नव्हतो! १९२३ मध्ये त्यांचं 'संततिनियमन : विचार आणि आचार' हे पुस्तक आलं. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. एका मिशनरी कॉलेजचा प्राध्यापक असले उद्योग करतो हे चालण्यासारखं नव्हतं, आणि १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं ते १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. सव्वीस वर्षं, जवळजवळ एकहाती, आणि बहुतेक सगळा काळ तोट्यात. अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' चित्रपटामुळे २००१ नंतर आपल्या पिढीला हे थोडंफार माहीत झालं.

पण कर्व्यांबद्दल आपण बोलतो तेव्हा त्यांचं धाडस, त्यांचे खटले, त्यांची उपेक्षा यावरच बोलतो. ते रोज करत काय होते, याकडे फारसं कुणी बघत नाही. त्या काळी साधनं होती तरी कोणती? रबराच्या टोप्या, ज्या आतून माप घेऊन बसवाव्या लागत. औषधात भिजवलेला स्पंज. पुरुषांसाठी रबरी पिशव्या. आतून कुठलंतरी शुक्रजंतुनाशक. यातलं प्रत्येक साधन माणसाकडून काहीतरी मागतं. टोपीला एकांत लागतो, पाणी लागतं, ती धुवून सुकवून कुठेतरी ठेवायला लागते. आता १९२५ च्या गिरगावातली चाळ डोळ्यांपुढे आणा. दहा बाय बाराची खोली, त्यात सासू-सासरे, दीर, दोन मुलं. नळ गॅलरीच्या टोकाला. त्या बाईने ती टोपी कुठे धुवायची आणि कुठे वाळत घालायची? पिशवी वापरायची तर नवऱ्याचं सहकार्य हवं, आणि ते मिळणार असतं तर बाई चौथ्या बाळंतपणाला कशाला पोचली असती? म्हणजे 'उत्तम साधन कोणतं' या प्रश्नाला तेव्हाही उत्तर नव्हतं. अमक्या बाईला, अमक्या खोलीत, अमक्या नवऱ्यासोबत काय जमेल एवढंच उत्तर शक्य होतं. कर्वे समोर आलेल्या माणसाशी बोलत होते, त्याच्या पत्राला उत्तर देत होते. देशाची लोकसंख्या हा त्यांचा मुख्य मुद्दा कधीच नव्हता. बाईची प्रकृती, तिची इच्छा आणि (हे तर फारच झोंबलं लोकांना) तिचं सुख हा होता.

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा अशासकीय ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणी पुरुष तयार झाला नसता, अशा आशयाचा युक्तिवाद त्या भाषणात आहे. ठराव फेटाळला गेला.

त्याच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. दोघांनाही बाईची सुटका हवी होती हे त्या संभाषणातून स्पष्ट कळतं. पण गांधीजींना साधनं मान्य नव्हती. संयम हा एकच मार्ग, आणि नवऱ्याला 'नाही' म्हणायला बाईने शिकावं, हे त्यांचं म्हणणं. ऐकायला फार छान. बाईला नकाराचा हक्क आहे असं १९३५ साली म्हणणं लहान गोष्ट नव्हे. पण हाही एक उपाय सगळ्यांना लागू, अशातलाच प्रकार झाला. ज्या बाईला नवरा नको नसून फक्त पाचवं मूल नको आहे, तिने काय करायचं? सँगरबाई तिथून त्रावणकोरला अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनाला गेल्या. तिथल्या बायकांनी साधनांच्या बाजूने ठराव केला.

पुण्यात शकुंतलाबाई परांजप्यांनी कर्व्यांचं काम पुढे नेलं. रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला शिकलेली. खेडोपाडी जाऊन, पदरमोड करून त्या बायकांना ही साधनं समजावून सांगत. बायका आधी लाजत आणि मग प्रश्नांची सरबत्ती करत असणार, असं आपलं मला वाटतं. पुढे त्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्यावर मराठीत आणखी लिहिलं जायला हवं.

इथपर्यंत सगळी चिल्लर कामं. एकेकटी माणसं, एकेक दवाखाना. (सरकारी दवाखाने सुरू करण्याचा मान म्हैसूर संस्थानाचा, १९३०.) मग स्वातंत्र्य आलं, आणि १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या शिष्या, त्यामुळे त्यांना रुचणारं साधन एकच : पाळीचे दिवस मोजून 'सुरक्षित' दिवस पाळायचे. जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठवलं. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूरमधलं रामनगरम इथे प्रयोग झाले. बायकांना दिवस मोजता यावेत म्हणून रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी पुढे सरकवायचा. हिरवा मणी आला तर हरकत नाही, लाल असला तर थांबायचं. अंधारात रंग कसा दिसणार, हा प्रश्न पुढे आला आणि मण्यांचे आकार बदलावे लागले, असं सांगतात. पाळी दर महिन्याला घड्याळासारखी येत नाही, अंगावर पाजणाऱ्या बाईला तर ती येतच नाही, हे वेगळंच. ज्यांची पाळी नियमित आहे आणि ज्यांचा नवरा माळेचं ऐकतो अशा जोडप्यांना ही पद्धत मानवतेही. पण तो देशव्यापी तोडगा होईल असं कुणाला कसं वाटलं असेल, देव जाणे.

त्याच सुमारास पंजाबात फेसाच्या गोळ्यांवरचा प्रसिद्ध खन्ना अभ्यास झाला. नंतर महमूद ममदानी त्यातल्या एका गावात जाऊन आले. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. गावातल्या एका माणसाने गोळ्यांची खोकी एकावर एक रचून शोभेची वस्तू बनवून ठेवली होती. लोकांनी गोळ्या घेतल्या होत्या, कारण शहरातून आलेल्या सभ्य माणसांना नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं. शेतावर हात हवेत म्हणून त्यांना मुलं हवी होती, आणि ते कुणी आधी विचारलं नव्हतं. मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्याकडच्या सरकारी योजनांचा सगळा इतिहास त्या खोक्यांच्या चळतीत आहे.

आणि मग १९६५. अमेरिकेतले डॉ. जॅक लिपीस यांनी बनवलेला प्लास्टिकचा वळणदार 'लूप' भारतात आला. एकदा बसवला की वर्षानुवर्षं बघायला नको. सरकारला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. कानपूरला कारखाना निघाला, जिल्ह्याजिल्ह्याला आकडे ठरवून दिले गेले आणि पहिल्या दोन वर्षांत लाखो बायकांना लूप बसले. त्यानंतर आकडा घसरत गेला. कारण साधं होतं. लूपमुळे काही जणींना अंगावरून जास्त जातं आणि पोटात दुखतं. आधीच रक्त कमी असलेल्या, दिवसभर शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला हे परवडणारं नव्हतं. जास्त जाईल, अमुक महिन्यांनी कमी होईल, नाहीच झालं तर काढून घे, हे तिला आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. पण लूप बसवण्याचे पैसे होते, समजावून सांगण्याचे नव्हते. सोसत नाही म्हणून काढायला आलेल्या बाईला काढून देण्याची घाई कुणालाच नव्हती. कारण ती यशाच्या आकड्यातून वजा होणार. गावागावांत लूपबद्दल अफवा पसरल्या त्या हवेतून आल्या नाहीत.

लूप बदनाम झाला तोपर्यंत चिलीतले झिपर आणि अमेरिकेतले टाटम यांनी प्लास्टिकवर तांब्याची तार गुंडाळून छोटं, जास्त भरवशाचं साधन बनवलं होतं. तेच कॉपर टी. आपण लगेच त्याची 'तांबी' केली. किती घरगुती शब्द! जणू देवघरातलंच एखादं भांडं. आजची ३८० ए तांबी दहा वर्षं काम करते, आणि ज्यांना ती मानवते त्यांच्यासाठी तिच्याइतकं बिनकटकटीचं साधन दुसरं नाही. पण लूपने घालवलेला विश्वास तांबीलाही पुरता परत मिळाला नाही.

निरोधची कथा त्या मानाने विनोदी आहे. १९६८ मध्ये तो बाजारात आला. आधी त्याचं नाव 'कामराज' ठेवायचं घाटत होतं. काँग्रेसचे त्या वेळचे मोठे पुढारी कोण, हे कुणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं आणि संस्कृत 'निरोध' पसंत झालं. पंधरा पैशांना तीन. चहा, साबण आणि सिगरेट विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो वाण्याच्या दुकानात पोचला. माझ्या मते त्या काळातली ही सगळ्यात शहाणी कल्पना होती. कुणी यादीत नाव लिहीत नव्हतं, कुणाला 'केस' व्हावं लागत नव्हतं. दुकानात जा, घ्या, नको तर नका घेऊ. दुकानदाराकडे मागायची लाज ही एकच अडचण, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

'केस' हा शब्द आत्ता सहज आला, पण आपल्याकडच्या शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी मंडळींच्या घरांत तो फार ओळखीचा आहे. "यंदा माझ्या दोन केस कमी पडताहेत." केस म्हणजे ऑपरेशनला तयार केलेलं माणूस. मुंबईत १९६० च्या दशकाच्या शेवटी रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं होती. केरळात एर्नाकुलमला जुलै १९७१ च्या एका शिबिरात साठ हजारांहून जास्त पुरुषांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तोवर निदान नावाला तरी मर्जीचा मामला होता. आणीबाणीत तेही संपलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांच्या. उत्तरेतल्या कथा आपण ऐकलेल्या असतात, पण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं ते आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, एवढंच. ज्या शहरात कर्व्यांनी माणसागणिक विचार करायला सुरुवात केली, त्याच शहरात पंचावन्न वर्षांनी हे.

१९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांवर आला. 'कुटुंबनियोजन' हा शब्दच खात्याच्या नावातून गेला, 'कुटुंब कल्याण' आलं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. पुरुषांना हात लावला तर सरकार पडतं, हा धडा राज्यकर्त्यांनी नीट गिरवला. बायकांना हात लावला तर पडत नाही. तिथून जवळजवळ सगळा भार बायकांवर गेला तो आजतागायत. आपल्या आयांच्या पिढीत "तिचं ऑपरेशन झालंय" म्हटलं की कसलं, हे कुणी विचारत नाही. अपेंडिक्सचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं!

वैद्यकीयदृष्ट्या हे उफराटं आहे. पुरुषाची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची. चीनमध्ये १९७४ साली निघालेल्या बिनटाक्याच्या पद्धतीने तर ती काही मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही. फक्त नंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांमध्ये ३७.९ टक्के जोडपी बाईच्या नसबंदीवर अवलंबून आहेत. पुरुषाच्या नसबंदीवर ०.३ टक्के. गोळ्या ५.१, तांबी २.१, निरोध ९.५. सरकारी भाषेत 'पाळणा लांबवणं' आणि 'पाळणा थांबवणं' अशी फार गोड विभागणी आहे. आपल्याकडे बहुतेक बाया काहीही न लांबवता पंचविशीच्या आसपास एकदम थांबवतात.

मधल्या काळात नवी साधनं आलीच नाहीत असं नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'सहेली' गोळी १९९१ मध्ये आली. त्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. आपल्याच देशात बनलेली ही गोळी 'छाया' या नावाने सरकारी कार्यक्रमात यायला २०१६ उजाडलं. इंजेक्शनांची कथा जास्त कडू. १९८५ मध्ये आंध्रातल्या पटनचेरू इथे बायकांना नेट-एन हे इंजेक्शन देण्याचा घाट घातला गेला. हा प्रयोग आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. स्त्री संघटनांनी हस्तक्षेप केला आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. 'त्या बायका विज्ञानविरोधी' असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. औषध वाईट की चांगलं यापेक्षा, न सांगता देणं वाईट, हा त्यांचा मुद्दा साधा आणि बरोबर होता. २०१७ च्या सुमारास दुसरं एक इंजेक्शन 'अंतरा' म्हणून सरकारी दवाखान्यांत आलं. दर तीन महिन्यांनी एक. घरात कुणाला कळू द्यायचं नसेल अशा बाईसाठी ते वरदान आहे. पण पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. हे आधी माहीत असेल तर मानवणं, नसेल तर घाबरून सोडणं.

१९९६ मध्ये सरकारने कागदावर उद्दिष्टं रद्द केली. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यातल्या तेरा जणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. त्या ८३ जणींपैकी किती जणींना तांबी, छाया किंवा नवऱ्याची नसबंदी असाही पर्याय कुणी समजावून सांगितला असेल?

आता डॉक्टरांच्या टेबलावर कधीकधी पुठ्ठ्याची एक गोल तबकडी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये कुणाला कोणतं साधन चालेल याचे निकष काढले, त्यांचा हा सुटसुटीत अवतार. फिरवायची आणि बघायचं. बाळ अंगावर पितंय आणि सहा महिन्यांचं झालेलं नाही? नेहमीची मिश्र गोळी नको. पस्तिशीच्या पुढे आणि सिगरेट ओढता, किंवा रक्तदाब जास्त आहे, किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात? तीच गोळी नको. क्षयावर रिफाम्पिसिन चालू आहे? गोळीचा भरवसा कमी होतो. ओटीपोटात जंतुसंसर्ग आहे? आत्ता तांबी नको, आधी तो बरा होऊ दे. हे इतके प्रश्न विचारायला दहा मिनिटं पुरतात. कर्व्यांकडे तबकडी नव्हती, प्रश्न विचारायची सवय होती.

ती तबकडी मी नीट बघितली आहे. गोळ्या, इंजेक्शन, इम्प्लांट, तांबी, सगळं तिच्यावर आहे, आणि प्रत्येकापुढे 'अशा वेळी नको'चे आकडे. पुरुषांची दोन साधनं मात्र तिच्यावर नाहीत. निरोधला रबराच्या ॲलर्जीखेरीज वैद्यकीय आडकाठी जवळजवळ नसतेच. नसबंदी कधी पुढे ढकलावी लागते, पण अमुक आजार म्हणून कायमचीच नाही, असं सहसा होत नाही. (काका, अजून वाचताय ना?)